श्वास न घेणारी गायिका

गेल्या उन्हाळ्यांत आमचें पंचवटींतील जुनें घर रिकामें करण्याचा प्रसंग आला. आजोबांना जाऊन तीन वर्षें झालीं होतीं. वाड्याच्या जागीं नवी इमारत उभी करावयाचें ठरलें होतें, आणि माळ्यावरचें सामान उतरवून घेण्याचें काम घरांत सर्वांत धाकटा म्हणून माझ्याकडे आलें. त्या सामानांत एक शिसवी पेटी निघाली. तींत आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेविलेल्या होत्या. आणि त्यांच्याच कडेला, तेथें ती कोणीं ठेविली हें आतां कोणासच सांगतां येत नाहीं, माझ्या कॉलेजच्या दिवसांतील एक हार्ड डिस्क होती. तबकड्या बहुतेक पंडित दत्तात्रेय विष्णु पलुस्करांच्या. हार्ड डिस्कवर परीक्षेच्या टिपणांखेरीज जें होतें तें सांगतांना अजूनहि थोडा संकोच वाटतो. तिच्यावर दोनशेंहून अधिक जपानी गाणीं होतीं, आणि त्यांतील एकहि गाणें कोणा मनुष्यानें गायिलेलें नव्हतें.

ही गोष्ट २००९ सालची. मी अठरा वर्षांचा, कॉलेजांत पहिल्या वर्षाला होतों. घरीं इंटरनेट आलेलें होतें, पण त्याची गति इतकी मंद कीं, चार मिनिटांचें एक चित्रगीत उतरवून घेण्यास रात्र खर्ची पडे. जपानी चित्रमालिकांचें वेड लागलेला एक मित्र पेन ड्राइव्हवर हीं गाणीं आणून देई, आणि आम्ही चौघेजण तीं प्रसादासारखीं वाटून घेत असूं. हात्सुने मिकू हें त्या गायिकेचें नांव. आवाज बारीक, उंच, किंचित् नाकांतून आल्यासारखा. शब्द एकहि कळत नसे. आणि बहुधा म्हणूनच तो आवाज आमच्यापैकीं कोणास परका वाटत नसे. ज्याच्या त्याच्या मनांत जें असेल तें त्या अनोळखी शब्दांत भरून घेतां येई.

आजोबांनीं तो एकदां ऐकला. संध्याकाळीं गंगेवर फेरी मारून ते परत आले होते. (नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतात, हें वाचकांस ठाऊक असेलच.) खोलीच्या दारांत ते उभे राहिले, गाणें संपेपर्यंत हालले नाहींत, आणि मग त्यांनीं विचारलें, "अरे, ही मुलगी श्वास कोठें घेते?"

मीं सांगितलें कीं, ही मुलगी नव्हे, यंत्र आहे.

"असें होय," ते म्हणाले. "तरीच. जिला दम लागत नाहीं, तिला गाण्याचें काय कळणार!"

ते रागावले नव्हते, त्यांनीं थट्टाहि केली नाहीं. परंतु ज्या मनुष्यानें तरुणपणीं बापूराव पलुस्करांस समोर बसून ऐकलें, त्याचा हा अभिप्राय होता. आणि मला तो असा लागला कीं, पुढें त्या घरांत मीं तीं गाणीं मोठ्यानें कधीं लाविलीं नाहींत. मग नोकरी आली, नाशिक सुटलें, गाणीं मागें पडलीं. आतां चौतिसाव्या वर्षीं पेटी उघडल्यावर तीं पुनः ऐकूं लागलों, आणि आजोबांच्या त्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जो इतिहास हातीं लागला, तो येथें मांडावा असें वाटलें.

यंत्राला बोलतें करण्याचा हव्यास जुना आहे. न्यूयॉर्क येथें १९३९ सालीं भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत बेल प्रयोगशाळेचें 'व्होडर' नांवाचें यंत्र मांडलेलें होतें. पेटी वाजवावी त्याप्रमाणें त्याच्या पट्ट्यांवर बोटें चालवून एक बाई त्याच्याकडून वाक्यें वदवीत असे. त्याच प्रयोगशाळेंत १९६१ सालीं एका संगणकाकडून जुनें इंग्रजी प्रेमगीत म्हणवून घेण्यांत आलें. हीं आश्चर्यें खरीं, परंतु तीं प्रदर्शनांतलीं आश्चर्यें होतीं. घरीं नेऊन रात्रीं दिवा मालवून ऐकावें असें त्यांत कांहीं नव्हतें.

पुढचें पाऊल वाद्यें बनविणाऱ्यांनीं टाकिलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जपानांतील यामाहा कंपनी व स्पेन देशांतील बार्सेलोना येथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठ यांनीं २००० सालीं एकत्र काम आरंभिलें. केन्मोची हिदेकी हा यामाहाचा संशोधक त्याच्या अग्रभागीं होता. त्यांतून जी रचना निघाली तिला 'व्होकलॉइड' असें नांव मिळालें. तिचें मर्म थोडक्यांत असें: एका जिवंत माणसाकडून अर्थहीन अक्षरमाला निरनिराळ्या स्वरांत म्हणवून घ्यावयाच्या, आणि त्यांचे कातरकाम करून एका ध्वनीचा दुसऱ्या ध्वनीशीं जेथें सांधा जुळतो ते सांधे वेगळे काढून ठेवावयाचे. गीतकार संगणकाच्या पडद्यावर स्वर मांडतो, प्रत्येक स्वराखालीं अक्षर लिहितो, आणि यंत्र त्या सांध्यांची माळ ओवून गाणें म्हणतें. कंप किती, जोर किती, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जावयाचें कीं उडी मारावयाची, हें सारें गीतकारानें हातानें ठरवावयाचें असतें. जपानी भाषेंत असे सांधे एका स्वरपातळीवर सुमारें ५०० पुरतात, इंग्रजीस सुमारें २५०० लागतात. हें यंत्र जपानी चांगलें गातें याचें एक कारण या हिशेबांतच आहे.

येथें थोडें विषयांतर करतों. जपानी मुलें जी अक्षरमाला पाठ करतात तिच्यांत आधीं पांच स्वर येतात आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी लागतात. हा क्रम मराठी कानास ओळखीचा वाटला तर नवल नाहीं; बौद्ध पंडितांनीं संस्कृत वर्णमालेचा जो अभ्यास तिकडे नेला, त्याचाच संस्कार या मांडणीवर आहे. उच्चाराच्या स्थानावरून अक्षरें लावावयाचीं, ही आपल्या वैयाकरणांची शिस्त. तींतच घडलेल्या अक्षरांच्या चिंध्या करून एकविसाव्या शतकाच्या आरंभीं एक गायिका शिवावी, ही कल्पना पाणिनीला आवडली असती किंवा नसती. पण कळली मात्र नक्कीच असती.

प्रारंभीं हा उद्योग फारसा चालला नाहीं. २००४ सालीं एका इंग्रज कंपनीनें 'लिऑन' आणि 'लोला' असे दोन आवाज बाजारांत आणिले. त्यांना नांवें होतीं, चेहरे नव्हते. त्याच वर्षीं जपानी भाषेंतील 'मेइको' आली, २००६ मध्यें 'काइतो' आला. मग ३१ ऑगस्ट २००७ रोजीं साप्पोरो शहरांतील क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीनें मिकू विक्रीस ठेविली. आवाज दिला होता फुजिता साकी या अभिनेत्रीनें. चित्र काढलें 'केइ' या नांवानें काम करणाऱ्या चित्रकारानें. नांवाचा अर्थ 'भविष्यांतून आलेला पहिला नाद' असा कांहींसा होतो. वय १६ वर्षें, उंची १५८ सेंटिमीटर, समुद्राच्या रंगाचे केंस घोट्यापर्यंत येणाऱ्या दोन शेपट्यांत बांधलेले. याखेरीज तिला ना आईबाप, ना गांव, ना चरित्र. कंपनीनें एक मुलगी उभी केली आणि तिची कथा कोरी ठेविली.

ती कथा भरण्यास लोक तुटून पडले. जपानांत 'निको निको दोगा' ही चलच्चित्रें दाखविणारी जागा २००६ च्या डिसेंबरांत उघडलेली होती. तेथें प्रेक्षकांचे अभिप्राय चित्रावरूनच धांवत जात, त्यामुळें एकटा बसून ऐकणाऱ्यालाहि सभागृहांत बसल्यासारखें वाटे. पहिल्या महिन्यांतलीं मिकूचीं गाणीं म्हणजे निव्वळ गंमत होती. तिच्या हातांत कांद्याची पात देऊन तिच्याकडून एक फिनलंडी नाचगीत म्हणवून घेतलेलें आम्हांसहि फार आवडे. पण ७ डिसेंबर २००७ रोजीं 'ऱ्यो' नांवाच्या रचनाकारानें 'मेल्ट' हें गाणें तेथें ठेविलें, आणि हवा पालटली. त्यांत यंत्राच्या गोष्टी नाहींत. एक मुलगी पावसांत आपल्या मनांतल्या मुलाबरोबर एका छत्रींतून चालते आहे, एवढेंच. गाणाऱ्याला मन नाहीं हें ठाऊक असूनहि ऐकणाऱ्यांनीं तें मन तिला देऊन टाकिलें. थोड्याच दिवसांत तेंच गाणें जिवंत माणसांनीं आपापल्या आवाजांत म्हणून तेथें ठेवण्याचा सपाटा लाविला. यंत्रानें माणसाचें अनुकरण करावें हा नियम त्या हिवाळ्यांत प्रथमच उलटा झाला असें मी समजतों.

हीं गाणीं रचणारे कोण? बहुतेक विद्यार्थी, कारकून, रात्रीं घरीं बसून काम करणारे हौशी तरुण. त्यांचीं खरीं नांवें ठाऊक नसत. पुष्कळांस 'प्रोड्यूसर' शब्दाचें आद्याक्षर जोडून टोपणनांवें मिळत, आणि तीं अनेकदां श्रोत्यांनींच दिलेलीं असत. गाणें एकाचें, चित्र दुसऱ्याचें, आणि तिसऱ्यानें त्यावर नाच बसवावा, असा सगळा प्रकार. आम्ही नाशिकची पोरें मात्र या रचनाकारांस ओळखीत नव्हतों. आमच्या लेखीं सगळीं गाणीं मिकूचीं. फाईलच्या नांवांत पुढें कंसांत कांहीं लिहिलेलें असे, तें आम्ही जागा वांचविण्यासाठीं पुसून टाकीत असूं. आतां ध्यानांत येतें कीं, आम्हीं पुसलें तें कवीचें नांव होतें.

आणि आतां श्वासाकडे येतों. आजोबांचा प्रश्न संगीताच्या दृष्टीनें अगदीं अचूक होता. मनुष्याचें गाणें श्वासाच्या लांबीनें मोजलेलें असतें. ओळ कोठें तुटावयाची, सम गांठण्यापूर्वीं किती भरून घ्यावयाचें, हें छाती ठरविते. मिकूला छाती नाहीं. हें वैगुण्य झांकावें म्हणून कांहीं रचनाकार श्वासाचे आवाज हातानें मध्यें पेरीत. पण कांहींजणांनीं त्याचाच अलंकार केला. 'कॉस्मो' या रचनाकारानें 'हात्सुने मिकूचें अदृश्य होणें' या आपल्या रचनेंत, नष्ट होऊं घातलेल्या यंत्राच्या तोंडीं इतक्या द्रुत गतीनें शब्द घातले कीं, ते माणसास म्हणतां येऊं नयेत, हाच त्याचा हेतु असावा. वोवाका नांवाचा दुसरा एक तरुण त्याच्याहि पुढें गेला. त्याचें 'रोलिंग गर्ल' हें २०१० च्या फेब्रुवारींतलें गाणें माझ्या हार्ड डिस्कवर तीन वेळां होतें. इतकें तें मला प्रिय असावें. पियानोचे तुकडे धडाधड कोसळतात, आणि त्यांवरून तो आवाज कोठेंहि न थांबतां धांवत सुटतो.

परवां मीं त्या गाण्याचा अर्थ पहिल्यानें वाचला. एक मुलगी आहे. ती पुनः पुनः कांहीं करूं पाहते, प्रत्येक वेळीं चुकते, उतारावरून गडगडत जाते, तिला कोणी काय झालें म्हणून विचारलें तर कांहीं नाहीं म्हणते. आणि गाण्याच्या अगदीं शेवटीं ती आपला श्वास रोखून धरते.

इतकीं वर्षें मी तें नाचाचें गाणें समजत होतों. जिला श्वास नाहीं तिच्याच तोंडून श्वास थांबविण्याची गोष्ट सांगावी, हें त्या बावीस वर्षांच्या मुलाला सुचलें होतें. म्हणजे आजोबांनीं दारांत उभें राहून जें ओळखलें, तें त्याला गाणें लिहितांनाच ठाऊक होतें. त्यांचा मुख्य आक्षेप हाच गाण्याचा विषय होता, आणि मी दोघांच्या मध्यें बसून कांहींच न कळतां मान डोलवीत होतों.

तरीहि, देहावांचून आवाज ही कल्पना आजोबांच्या पिढीस खरोखरच इतकी अपरिचित होती काय? मला तसें वाटत नाहीं. याच नाशिकच्या परिसरांत, त्र्यंबकेश्वरीं, १८७० सालीं दादासाहेब फाळके जन्मले. त्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्यें तारामतीचें काम करण्यास स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाला त्यांनीं लुगडें नेसविलें. आणि १९१७ च्या 'लंकादहना'त तर त्याच एका साळुंक्यानें राम व सीता दोन्ही भूमिका केल्या. तीं चित्रें मुकीं होतीं. देह होता, आवाज नव्हता; आवाज प्रेक्षक आपल्या मनानें घालीत. फाळक्यांचा 'सेतुबंधन' हा १९३२ चा पट मूकपट म्हणून घेतला गेला आणि मग बोलपटांचें युग आल्यावर त्यावर मागाहून आवाज चढविण्यांत आले. ज्या ओंठांनीं ते शब्द उच्चारले नाहींत त्यांच्यावर ते शब्द बसविले गेले, आणि लोकांनीं पाहिले. रंगभूमीची गोष्ट तर सर्वश्रुतच आहे. बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधु पाहून घरोघरच्या बायका पातळ नेसण्याची तऱ्हा शिकल्या. तो आवाज पुरुषाचा आहे हें माहीत असून त्यांतलें स्त्रीत्व कोणीं नाकारलें नाहीं.

त्याहून जवळचा दाखला १९४९ सालचा. 'महल' चित्रपटांतील खेमचंद प्रकाश यांनीं स्वरबद्ध केलेलें सुप्रसिद्ध गीत पडद्यावर मधुबालेच्या तोंडीं होतें. तबकडी निघाली तेव्हां तिच्यावर गायिकेचें नांव छापलें होतें 'कामिनी'. म्हणजे चित्रपटांतल्या पात्राचें! रेडिओवर लोकांनीं विचारणा केली तेव्हां ती कामिनी म्हणजे लता मंगेशकर हें बाहेर आलें. कल्पित मुलीला गायिका म्हणून तबकडीवर बसविण्याचा प्रयोग आपल्याकडे साप्पोरोच्या अठ्ठावन्न वर्षें आधीं होऊन गेला होता. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, कीं कामिनीच्या पाठीमागें एक वीस वर्षांची मुलगी उभी होती आणि ते सूर तिनें स्वतः आपल्या गळ्यांतून काढिले होते. नांव झांकणें हा तिच्यावर अन्याय होता. मिकूच्या पाठीमागें फुजिता साकी आहे, पण तिनें दिलीं तीं अक्षरें. 'रोलिंग गर्ल' तिनें कधीं गायिलें नाहीं. तेथें ज्याचें नांव झांकलें जाण्याचा धोका, तो गाणारा नव्हे, लिहिणारा. आणि तें झांकण्याचें काम आम्हीं माउसच्या एका टिचकीनें केलें होतें.

गोहरजान १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास कर्ण्यासमोर बसून गायिली, तेव्हां गाणें संपतांच ती आपलें नांव मोठ्यानें पुकारी. तबकड्या जर्मनींत ठसवल्या जावयाच्या, तेथील कारागिरांस गायिका कोण तें समजावें, हें त्याचें व्यावहारिक कारण सांगतात. कारण कांहींहि असो, त्या पुकाऱ्यांत मला नेहमीं एक धास्ती ऐकूं येते: आवाज दूर देशीं जाणार, मी येथें राहणार, तर निदान नांव त्याला बांधून द्यावें.

यंत्राविषयींचा राग आपल्या संगीताला नवा नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं हार्मोनियमला दार बंद केलें, कारण ठरीव स्वरांच्या त्या पेटीला मींड काढतां येत नाहीं. आक्षेप खरा होता. तरी पेटी घरोघरीं राहिली, आणि पेटीबरोबर शिकलेल्या गळ्यांचें वळणहि बदललें. ग्रामोफोननें तर याहून मोठें काम केलें. तासभर पसरणारा ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत मांडावयाचा म्हटल्यावर आलाप आंखूड झाले, ताना पुढें आल्या, आणि त्याच तबकड्या ऐकून पुढची पिढी गाणें शिकली. आजोबा ज्यांना शुद्ध माणसाचें गाणें समजत, तीं पलुस्करांचीं भजनेंसुद्धां घड्याळावर मापून गायिलेलीं आहेत. हें मीं त्यांच्या हयातींत त्यांना म्हटलें असतें तर ते काय म्हणाले असते, याचा अंदाज मला करवत नाहीं.

जपानांतहि तसेंच घडलें. ज्यांनीं लहानपणीं न थांबणाऱ्या यंत्राचीं गाणीं ऐकलीं, त्या मुलांनीं तीं म्हणण्याचा हट्ट धरिला आणि त्यांना तीं म्हणतां येऊं लागलीं. आदो या गायिकेनें २०२० सालीं 'उस्सेवा' हें गाणें गायिलें तेव्हां ती सतरा वर्षांची होती. तें रचणारा स्यूदो मिकूच्याच गोतावळ्यांतला, आणि ती स्वतः त्याच गाण्यांवर वाढलेली. वृद्धांनींहि या यंत्राचा अव्हेर केला असें नाहीं. सिंथेसायझरवर आयुष्य घालविलेल्या तोमिता इसाओ यांनीं आपल्या ८० व्या वर्षीं, २०१२ मध्यें, मियाझावा केन्जी या साहित्यिकाच्या सृष्टीवर आधारलेली 'इहातोव' नांवाची वाद्यवृंदरचना सादर केली. तींत मिकू एकल गायिका होती, आणि ती संचालकाच्या हाताबरोबर गाईल अशी तजवीज केलेली होती. तोवर माणसांनीं यंत्राच्या ठेक्याबरोबर जावें अशी रीत होती. ऐंशी वर्षांच्या त्या माणसानें यंत्राला माणसाच्या हाताकडे पाहावयास लाविलें.

हार्ड डिस्कवरील गाण्यांच्या कर्त्यांचा मीं एकेक करून माग काढिला. आम्हीं पुसलेलीं नांवें पुनः लिहून काढण्याचें हें काम, सुटीचे आठ दिवस मला पुरलें. 'मात्र्योश्का' हें २०१० चें गाणें रचणारा 'हाची' म्हणजे आजचा योनेझु केन्शी. पुढें तो स्वतःच्या नांवानें, स्वतःच्या आवाजांत गाऊं लागला, आणि २०१८ च्या 'लेमन' या गीतानें जपानभर पोहोंचला. तें गीत लिहीत असतां त्याच्या आजोबांचें निधन झालें, असें त्यानें सांगितलें आहे. तें वाचून मी थोडा वेळ पुढें गेलों नाहीं. वोवाकानेंहि यंत्र बाजूस ठेवून चौघांचें बँड उभें केलें आणि तो स्वतः गाऊं लागला. मिकूला दहा वर्षें झालीं त्या २०१७ सालीं दोघेहि तिच्याकडे एकेक गाणें घेऊन परत आले. हाचीनें त्या सबंध क्षेत्राचें चित्र वाळवंट म्हणून काढिलें. वोवाकाचें गाणें मात्र घरीं आलेल्या माणसासारखें आहे.

५ एप्रिल २०१९ रोजीं वोवाका झोपेंत हृदय बंद पडून वारला. वय ३१. मी त्या वेळीं पुण्यांत एका कंपनींत होतों, आणि त्याचें नांवहि मला ठाऊक नव्हतें. म्हणजे ज्याचें एक गाणें मीं तीन वेळां जपून ठेविलें होतें, त्याच्या मृत्यूची वार्ता मला सहा वर्षांनीं कळली. दत्तात्रेय पलुस्कर १९२१ सालीं नाशिकांत जन्मले आणि १९५५ सालीं, ३४ व्या वर्षीं गेले. त्यांच्या तबकड्या लावल्या कीं, माणूस गेला आणि आवाज उरला, हा अनुभव आपल्यास समजतो. शंभर वर्षांची त्याची संवय आहे. वोवाकाच्या बाबतींत उरलेला आवाज त्याचा नव्हे. तो कोणाचाच नव्हे, आणि जगांत ज्या कोणाजवळ तें यंत्र असेल त्याला तो उद्यां नवें गाणें म्हणून दाखवील. ती सोळाचीच आहे. तिच्यासाठीं जागरणें करणारी पोरें मात्र चाळिशीकडे झुकलीं, कांहीं मेलीं.

नवीं गाणींहि मीं ऐकलीं. २०२४ सालच्या 'मेस्मेरायझर'मध्यें मिकूबरोबर कासाने तेतो गाते. या तेतोची कुळकथा मोठी मौजेची आहे: २००८ च्या १ एप्रिलला कांहीं थट्टेखोरांनीं नवी यांत्रिक गायिका निघाल्याची खोटी जाहिरात केली, लोक फसले, आणि मग त्याच लोकांनीं त्या खोट्या गायिकेला एका विनामूल्य यंत्रांत खरा आवाज देऊन जन्मास घातलें. आज ती मिकूच्या खांद्याला खांदा लावून उभी आहे. चाल चटकदार आहे, रंग भडक आहेत, आणि आंत कोठेंतरी भीति दडलेली आहे. मला तें आवडलें. परंतु तेतोच्या २०२३ च्या नव्या आवाजासारखीं आतांशाचीं यंत्रें माणसाचें गाणें ऐकून शिकलेलीं असतात, सांधे दिसत नाहींत, श्वाससुद्धां जेथल्या तेथें आपोआप येतो. आजोबांनीं हें ऐकलें असतें तर कदाचित् कांहीं विचारलेंच नसतें. मला मात्र त्या जुन्या मिकूचे खडबडीत सांधे प्रिय आहेत. तिचें अपुरेपण उघडें होतें, आणि त्या उघडेपणामुळेंच लिहिणाऱ्याला तिच्याकडून श्वासाविषयीं बोलतां आलें. हें मत वयामुळें झालेलें असेल. चौतिसाव्या वर्षीं मनुष्य जुन्या तबकडीच्या खरखरीवर प्रेम करूं लागतो, आणि माझी तबकडी कोणती, एवढाच काय तो प्रश्न.

भावाची मुलगी दहा वर्षांची आहे. तिला 'मेस्मेरायझर' नाचासकट पाठ आहे. पेटी उघडली त्या दिवशीं मीं ग्रामोफोनला चावी दिली, नवी पिन बसविली आणि पलुस्करांचें एक भजन लाविलें. यंत्र अजून चालतें. गति किंचित् मंद झाली आहे. ती गुडघे पोटाशीं घेऊन बसून होती. दुसऱ्या कडव्याच्या आधीं, खरखरीच्या खालून, श्वास आंत घेतल्याचा स्पष्ट आवाज आला, आणि तिनें चमकून कर्ण्याकडे पाहिलें.

"काका, ह्यांचीं नवीं गाणीं येत नाहींत का?"

नाहीं, म्हणालों. मग तिनें तबकडी उलटी करावयास सांगितलें.